सान रोक्कोचा नैवेद्य

देवाला दाखवल्याशिवाय नैवेद्य चाखायचा नाही, आणि का चाखायचा नाही ते विचारायचं नाही.

म्हटलं तर हे दोन नियम, पण प्रभावती आत्याच्या तोंडून ते नेहमी जोडीनेच बाहेर पडत. शुभ्राने सातव्या वर्षी पहिल्यांदा "का?" असं विचारलं, तेव्हा आत्याने "मग काय, देवाला तुझं उष्टं घालू?" असं म्हणून विषय मिटवला होता. पुढे शुभ्रा मोठी झाली, फूड टेक्नॉलॉजी शिकली, चव घेतल्याशिवाय बिस्किटाचा एक घाणासुद्धा कारखान्याबाहेर सोडू नये असं परीक्षेत लिहून आली, त्याला मार्कही मिळाले. आत्याचा प्रश्न मात्र होता तिथेच उभा राहिला, आणि आत्याही. (आत्या दर उन्हाळ्यात साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर दुबईला यायची. उन्हाळ्यात का, तर तिकीट स्वस्त. स्वस्त का, तर शहाणी माणसं त्या दिवसांत उलट्या दिशेला पळत असतात.)

या वर्षी मात्र शुभ्राला आत्याशी भांडायला वेळ नव्हता. तिला इटलीत, तोरिनोला, मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला होता. विषय काय, तर खाण्याच्या पदार्थांची चव शास्त्रशुद्ध कशी तपासायची.

"चाखायला शिकायला एवढ्या लांब?" आत्या म्हणाली होती.

"पण राहणार कुठे?" आई, म्हणजे सुनेत्रा, म्हणाली होती.

आणि बाबा, म्हणजे जबल अलीतल्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघणारे सदानंद, म्हणाले होते, "बघू."

बाबांच्या 'बघू'ला मुदत नसे. नवी गाडी तीन वर्षं 'बघू'त होती. शेवटी घ्यायला गेले तेव्हा कंपनीने ते मॉडेलच बंद केलेलं होतं. तोरिनोला महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता, आणि तोरिनोही त्या गाडीच्याच वाटेने निघालंय हे शुभ्राला स्वच्छ दिसत होतं.

अशात एके दिवशी तिला लिफ्टमध्ये असुंता भेटली.

असुंता तिसऱ्या मजल्यावरची. सत्तरीची, ठेंगणी, काळ्या झग्यातली इटालियन बाई. नवरा गेल्यावर मुलाने तिला गावाहून उचलून दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या याच बिल्डिंगमध्ये आणलं होतं, आणि आल्या आल्या ती बाथरूममध्ये घसरून उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसली होती. शुभ्रा तोरिनोच्या आशेने वर्षभर ऑनलाइन इटालियन शिकत होती. ते कुणावर तरी वापरून बघायची तिला घाई होती आणि असुंताला कुणाशी तरी बोलायची. गेल्या दोन महिन्यांत दोघींचं इतकं जमलं होतं, की असुंताची लेक तोरिनोलाच राहते आणि तिच्या घरात एक खोली रिकामी आहे, हेही बाहेर आलं.

"मग ती खोली मला मिळेल का, सिन्योरा?" शुभ्राने विचारलं होतं.

त्यावर असुंताने तिला नीट न्याहाळलं होतं. "माझं पातेलं जिच्या हाती देता येतं," ती म्हणाली, "तिच्या हाती मी माझ्या लेकीच्या घराची किल्ली देते."

हे शुभ्राने घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "असं घरगुती काही असेल तर मात्र... बघू." पण या 'बघू'चा सूर नेहमीपेक्षा अर्धी पट्टी वर होता. शुभ्राच्या आयुष्यात एवढी प्रगती कधी झाली नव्हती.

त्या दिवशी लिफ्टमध्ये असुंता रडवेली झाली होती. तिच्या गावात, रोक्कासेरा नावाच्या डोंगरावरच्या दोन-तीनशे वस्तीच्या खेड्यात, दर सोळा ऑगस्टला सान रोक्को या संताचा उत्सव असे. संताची मिरवणूक निघे, आणि मग चौकात मोठमोठ्या पातेल्यांत छोले शिजत, त्यात कणकेच्या रुंद पट्ट्या सोडत, आणि अख्खा गाव तिथेच जेवे. तीस वर्षं त्या पातेल्याचं मीठ असुंताच्या हाताचं होतं. यंदा ते पातेलं कार्मेलाकडे गेलं होतं. कार्मेला कोण, हे शुभ्राला विचारावं लागलं नाही. आत्या आपल्या धाकट्या जावेचं नाव ज्या सुरात घ्यायची, त्याच सुरात असुंताने ते नाव उच्चारलं होतं.

"मग इथेच करू की," शुभ्रा म्हणाली. "आमच्याकडे. आमचं घर तळमजल्यावर आहे, बाहेर अंगण आहे, मोठं पातेलं आहे."

लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत उत्सव ठरलाही होता. (घरात अजून तीन माणसं राहतात, हे तिला दार उघडताना आठवलं.)

"कुठला देव?" आत्याने पहिला प्रश्न केला.

शुभ्राने फोनवर चित्र दाखवलं. हातात काठी, कमरेला पाण्याचा वाळका भोपळा, फाटका झगा, आणि पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा. संत रानात आजारी पडला होता तेव्हा हा कुत्रा त्याला रोज पाव आणून द्यायचा, अशी कथा होती. आत्याने चष्मा पुसला. चित्र मोठं करून कुत्रा पाहिला, भोपळा पाहिला, आणि फोन कपाळाला लावला.

"काठी, कमंडलू, कुत्रा," ती म्हणाली. "दत्तसंप्रदायातलाच आहे. तिकडे गेला असेल फिरत फिरत."

"आत्या, तो फ्रान्सचा होता."

"दत्तगुरूंना व्हिसा लागतो का?"

पदार्थाचं वर्णन ऐकल्यावर तर उरलासुरला परकेपणाही संपला. "कणकेच्या पट्ट्या उकळत्या आमटीत सोडायच्या? म्हणजे चकोल्याच की," आई म्हणाली. "फक्त डाळीऐवजी छोले." लसणावर मात्र थोडं अडलं. असुंता छोल्यांत मूठभर लसूण घाले आणि आत्याचा चातुर्मास होता. असुंता आणि आत्या यांच्यात यावर अर्धा तास चर्चा झाली, एकीची इटालियनमध्ये, दुसरीची मराठीत. शुभ्रा भाषांतर करायला मधे पडली तर दोघींनीही तिला हाताने गप्प बसवलं. शेवटी लसणाची फोडणी वेगळी करून ज्याच्या त्याच्या ताटात घालायची असं ठरलं. ऑलिव्हचं तेल आणायला बाबा गेले आणि येताना दारातूनच म्हणाले, "पंचेचाळीस दिरहम. म्हणजे हजाराच्या वर रुपये. यात सान रोक्कोला अभ्यंगस्नान घालता येईल."

शुभ्रा खूश होती. सगळी वडीलधारी माणसं एका बाजूला आणि ती बाजू तिची, असं कधी घडलंच नव्हतं. ज्याला ती माणसं एकदा आपलं म्हणतात, त्याला आपले नियमही लागू करतात, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

सोळा तारखेला रविवार होता. दुपारी असुंता मुलाबरोबर जबल अलीच्या चर्चला निघाली. गावाहून टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेली संताची हातभर उंचीची मूर्ती तिला फादरकडून आशीर्वादित करून आणायची होती. निघताना तिने शुभ्राला स्वयंपाकघरात नेलं. पातेल्यात छोले मंद शिजत होते.

"मीठ घातलेलं नाही," ती म्हणाली. "शेवटी घालायचं. थोडं घालायचं आणि चाखायचं. परत थोडं, परत चाखायचं. दुसऱ्या कुणी नाही. तू."

"मी," शुभ्राने कबूल केलं. एवढं सोपं काम आपल्याला आजवर कुणी दिलं नव्हतं, असं तिला वाटलं. याच विषयात तर ती मास्टर्स करणार होती.

पाचच्या सुमारास छोले मऊ झाले. शुभ्राने चमचा बुडवला, फुंकर घातली, आणि चमचा ओठांपाशी नेला.

"शुभ्रा."

आत्या दारात प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे.

"आत्या, हा आपला नैवेद्य नाही. त्यांच्या देवाला चालतं. सिन्योराने स्वतः सांगितलंय चाखायला."

"त्यांच्या देवाला चालत असेल. पातेलं आपलं आहे."

"या दोन्हीचा काय संबंध?"

"गौरींच्या जेवणाचं पातेलं ते. चमचा तोंडाला लागला की सगळं उष्टं. मग हे काढून ठेवायचं आणि नव्याने शिजत घालायचं. माझी काही ना नाही. छोले भिजायला रात्र लागते, तेवढं फक्त बघ."

शुभ्राने घड्याळाकडे पाहिलं. दोन तासांनी पंचवीस माणसं जेवायला यायची होती. एरवी तिने आत्याशी पाऊण तास वाद घातला असता. प्रयोगशाळा काढली असती, जंतू काढले असते, एकविसावं शतक काढलं असतं. पण आज आत्या बिघडली तर आई बिघडणार, आई बिघडली की बाबांचा 'बघू' अर्धी पट्टी खाली येणार, आणि तोरिनो गेलं. आज एक दिवस नको, ती स्वतःशी म्हणाली. बंड उद्यापासून. आणि तिने चमचा खाली ठेवला.

(आयुष्यभर नको तिथे भांडलेल्या मुलीने, जिथे भांडायचं तिथे माघार घेतली ती ही अशी.)

"मग मिठाचं काय?"

"अंदाज," आत्या म्हणाली. तिने पातेल्यावर वाकून वाफ हुंगली, डोळे मिटले, मुठीने मीठ घातलं आणि हात झटकला. "चाळीस वर्षं वासावर घालतेय. कुणी तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं नाही." (हे खरं होतं. तिच्यासमोर तोंड वाकडं करायची कुणाची छाती नव्हती.)

तेवढ्यात असुंताचा फोन आला. ती परतली होती, मिरवणुकीसाठी शुभ्रा वर हवी होती. आत्या जरीचं लुगडं नेसायला गेली आणि शुभ्रा तिसऱ्या मजल्यावर. आई आणि बाबा मागाहून वर आले, पण एकेकटे. दोघांच्याही चेहऱ्यावर गुपचूप परोपकार करून आलेल्या माणसाचं समाधान होतं. शुभ्राने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

मिरवणूक लिफ्टमधून निघाली. संत, असुंता, तिचा मुलगा आणि मेणबत्त्या पहिल्या फेरीत. भाविक पुढच्या दोन फेऱ्यांत. तळमजल्यावर शेवटच्या फेरीचं दार उघडलं, थांबलेली मूर्ती समोर दिसली, आणि बाबांच्या तोंडून सवयीने "गणपती बाप्पा" निघून गेलं. आईने सवयीनेच "मोरया" म्हटलं. असुंताच्या मुलाच्या ऑफिसातल्या फिलिपिनो मंडळींनीही मग भक्तिभावाने "मोरया" म्हटलं. असुंताला वाटलं, हे मराठीतलं आमेन असावं. ती मनापासून "मोरया" म्हणाली.

हॉलमध्ये टीव्हीशेजारी मूर्ती बसली. समोर फोन उभा केला, त्यात रोक्कासेराचा चौक दिसत होता, आणि चौकाच्या पुढे, अख्ख्या चौकापेक्षा मोठा, कार्मेलाचा चेहरा. आत्याने ताट वाढून पुढे ठेवलं, असुंताच्या कुंडीतलं बेसिलचं पान "तुळशीचीच बहीण" म्हणून त्यावर ठेवलं, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. शेजारी असुंताने क्रूस करून डोळे मिटले. दोघीही बराच वेळ उघडेनात. आधी डोळे उघडणारीची भक्ती कमी ठरेल, अशी दोघींनाही भीती असावी.

आता जेवायचं, असं सगळ्यांना वाटलं. पण रोक्कासेराची एक रीत होती. पहिला घास कुत्र्याचा. सान रोक्कोला ज्याने जगवलं त्याने तोंड लावल्याशिवाय गाव जेवत नसे.

"कुत्रा कुठून आणायचा?" बाबा म्हणाले.

अंगणात हबीबी बसला होता. हबीबी हा बिल्डिंगचा तांबडा बोका, सर्वांच्या घरचं खाऊन पिंपासारखा फुगलेला. त्याने आजवर काही नाकारल्याची नोंद नव्हती.

"दत्तगुरूंना बोका चालेल का, अक्का?" बाबांनी बहिणीला विचारलं.

"प्राणिमात्र," आत्याने परवानगी दिली.

असुंताच्या मुलाने फोन अंगणाकडे वळवला. पंचवीस माणसं इकडे आणि एक गाव तिकडे बघत असताना शुभ्राने हबीबीपुढे बशी ठेवली. हबीबीने एक घास घेतला. मग तो थांबला. त्याने मान वर करून आत्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग बाबांकडे, आणि उठून एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्याकडे गेला. तो पाणी प्यायला लागला तो पीतच राहिला.

असुंताने डाव्या हाताने चमचा उचलला, ताटातला घास तोंडात घातला आणि गिळला. गिळला हे तिचं थोरपण. फोनमधून कार्मेलाने गोड आवाजात काहीतरी विचारलं.

"इथे फार उकडतं," असुंता म्हणाली. "फोनला सहन होत नाही." आणि तिने फोन टेबलावर पालथा घातला.

मग ती शुभ्राकडे वळली. "तू चाखलंस?"

शुभ्राने तोंड उघडलं. पण त्याआधी आत्याने बोटाने ताटातला रस चाटला होता (आता तो प्रसाद होता, चालत होतं), आणि मागे मराठीत कुजबुज सुरू झाली होती.

"एवढं खारट कसं? मी तर बेतानेच घातलं होतं."

"वन्सं, मी आपलं थोडंसं..." आई म्हणाली. "बीपीमुळे तुमचा हात हल्ली आखडतो ना, म्हणून म्हटलं आपण जरा..."

"तू घातलंस?" बाबा म्हणाले. "अगं सुनेत्रा, मला वाटलं तू अक्काला घाबरून हात लावणार नाहीस. म्हणून मी..."

"सदा, किती?"

"चिमूटच. पातेल्याच्या मानाने."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी शुभ्राकडे पाहिलं.

"शुभ्रा," आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "तू सांग मीठ तुझ्या हातून पडलं म्हणून."

"मी?"

"तू लहान आहेस. लहानांचं कुणी मनावर घेत नाही. आमच्या वयाला शोभत नाही ते."

"सांग बाळा," आई म्हणाली. "दोन शब्दांनी काय होतं?"

"आणि मग," बाबा म्हणाले, "तोरिनोचंही आपण बघू."

ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

"नाही," शुभ्रा म्हणाली.

"हळू बोल."

"नाही. मीठ मी घातलेलंच नाही. आत्या, तू वासावर घातलंस. आई, तू आत्यावर विश्वास नाही म्हणून घातलंस. बाबा, तुम्ही आईवर विश्वास नाही म्हणून घातलंत. तिघांचा एकमेकांवर विश्वास नाही, आणि तिघांचा मिळून माझ्यावर नाही. एक चमचा तोंडात घालू दिला असता तर आज बोक्याने आपली लाज काढली नसती. मी खोटं सांगणार नाही. आणि यापुढे मी ज्या पातेल्यात ढवळीन, त्यातलं आधी चाखीन. मग तो देव साताऱ्याचा असो नाहीतर रोक्कासेराचा. ज्याला उष्टं वाटेल त्याने खारट खावं."

आणि असुंताकडे वळून तिने हेच सगळं इटालियनमध्ये सांगितलं. शब्द कमी पडले तिथे बोटाने दाखवलं. हिने, हिने आणि ह्यांनी.

आत्या गप्प झाली, ही घटनाच मुळात कुटुंबात पहिली होती. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. शुभ्राला आतून फार उंच झाल्यासारखं वाटत होतं.

शेवटी आत्याच उठली. ती स्वयंपाकघरात गेली आणि पट्ट्यांसाठी मळलेल्या कणकेतली उरलेली बिनमिठाची कणीक घेऊन आली. असुंताने ती पाहून मान हलवली. खारट झालं की रोक्कासेरातही हेच करत असावेत. दोन्ही म्हाताऱ्या पातेल्यापाशी गेल्या, एकीने गोळे करून आत सोडले, दुसरीने डाव्या हाताने आधण ओतलं. मग असुंताने चमचा भरला, फुंकला, आणि आत्यापुढे धरला. आत्याने क्षणभर देवाकडे पाहिलं. मग चाखलं, आणि बोटांनी 'अजून थोडं पाणी' अशी खूण केली.

हे बघून शुभ्राला राहवलं नाही. लढाई जिंकली होती, खरं बोलली होती, वडीलधारे गप्प होते. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला. ती असुंताजवळ गेली.

"सिन्योरा, मग ती तोरिनोची खोली... माझीच ना?"

असुंताने चमचा पातेल्याच्या काठावर ठेवला. जिने चाखायचा शब्द दिला आणि चाखलं मात्र नाही, त्या मुलीकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग तिने आत्याकडे, आईकडे आणि बाबांकडे पाहिलं. आणि दोन महिने या घरात येऊन-जाऊन शिकलेला एकुलता एक मराठी शब्द असुंताने अगदी स्वच्छ उच्चारला.

"बघू."